मुका भाता

पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगररांगेंत उगम पावते आणि परभणी जिल्ह्यांत गोदावरीला मिळते. वाटेंत जिंतूर तालुक्यांतील येलदरी या गांवापाशीं तिच्यावर मोठें धरण उभें आहे. त्याचें काम १९५८ सालीं सुरू झालें आणि १९६८ सालीं पुरें झालें. आज त्या धरणाकडे पाहणाऱ्याला वीज आठवते, कालवे आठवतात, खालच्या अंगाचें सिद्धेश्वराचें धरण आठवतें. परंतु हें सारें होण्यापूर्वीं या खोऱ्यांतील विहिरींचें पाणी शेतांत पोंचत असे तें मोटेनें. बैलांची जोडी धांवेवरून खालीं उतरली कीं नाडा ताणला जाई, भरलेली मोट वर येई आणि तिच्या सोंडेंतून पाणी थारोळ्यांत पडे. पहांटेच्या वेळीं हा आवाज दूरवर ऐकूं येई; पण तो आवाज चाकाचा आणि पाण्याचा. कातडें स्वतः मुकें असे. तें करकरूं लागलें, तर जाणता मोटकरी ओळखी कीं मोट कोरडी पडली. आज करकरणारें कातडें उद्यां तडकेल. मग करडईचें भाजून काढलेलें काळसर तेल येई. खाण्याच्या उपयोगाचें नसलेलें हें तेल मोटेला, नाड्याला आणि पाण्यांत भिजणाऱ्या इतर कातडी वस्तूंना चोळण्याची चाल फार जुनी होती.

मोटेच्या या साध्या गोष्टींत एका जुन्या शस्त्रविद्येचें मर्म सांठविलेलें आहे. धनुर्धराच्या पाठीवरचा कातडी भाता मऊ कसा ठेवावा आणि त्याचा आवाज कसा बंद करावा, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. धनुष्यावर काव्यें झालीं, बाणांवर आख्यानें झालीं. भात्याची चौकशी मात्र कोणीं फारशी केली नाहीं. तथापि ज्याला धनुष्य घेऊन रानांत हिंडावयाचें असे, त्याच्या पोटाचा प्रश्न पुष्कळदां या पिशवीच्या मुकेपणावर अवलंबून असे.

प्रथम शब्दाकडेच पाहूं. मराठींत 'भाता' हें नांव दोन वस्तूंना आहे. लोहाराच्या भट्टीला वारा घालणारी कातडी पिशवी तो भाता, आणि तिरंदाजाची बाण ठेवण्याची पिशवी तोहि भाता. संस्कृतांतील भस्त्रा, म्हणजे कातडी पिशवी, या शब्दाशीं त्याचें नातें आहे. प्राणायामांतील भस्त्रिका ही त्याच घराण्यांतली. यावरून एवढें दिसतें कीं, मराठी बोलणाऱ्यांच्या मनांत भाता म्हटला कीं प्रथम कातडें येई. त्यांत वारा भरला आहे कीं बाण, हा पुढचा विचार. संस्कृत पंडितांनीं मात्र भात्याला अनेक नांवें दिलीं. अमरकोशांत तूण, तूणीर, उपासंग, निषंग, इषुधि अशी त्याची मालिका आहे. पुढें फारसींतून तरकस हा शब्द आला आणि दरबारी भाषेंत रुळला. राज्याभिषेकानंतर शिवछत्रपतींच्या आज्ञेनें जो राजव्यवहारकोश तयार झाला, त्यांत शस्त्रांचा एक स्वतंत्र वर्गच आहे. राजांनीं शब्दांचीहि शस्त्रागाराइतकीच निगा राखली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

भात्याच्या आवाजाचा उल्लेख आपल्या वाङ्मयांत किती जुना असावा? तो थेट ऋग्वेदांत आहे. सहाव्या मंडलांतील ७५ वें सूक्त युद्धाच्या साहित्याचें आहे. त्याचा द्रष्टा पायु भारद्वाज मानिला जातो. चिलखत, धनुष्य, प्रत्यंचा, रथ, घोडे, धनुर्धराच्या हाताला प्रत्यंचेच्या फटक्यापासून वांचविणारें आवरण, अशा एकेका वस्तूला उद्देशून त्यांत एकेक ऋचा आहे. त्यांतच भात्याची ऋचा आहे. तो अनेक लेकरांचा बाप आहे, तो पाठीवर बांधलेला आहे, आणि युद्धाला उतरतांच तो 'चिश्चा' असा आवाज करितो, असें ऋषि म्हणतो. यास्काचार्यांनीं निरुक्तांत या शब्दाचे दोन अर्थ सुचविले आहेत. भाता उघडतांना जणू हंसतो, हा एक अर्थ. आणि हें नुसतें आवाजाचें अनुकरण आहे, हा दुसरा. ज्यानें कातडी पिशवींत वेताच्या काड्या घालून चार पावलें चालून पाहिलें असेल, त्याला दुसरा अर्थ पटेल. आणि ज्याला आपल्या भात्याचा अभिमान असेल, त्याला पहिला.

ग्रीकांच्या काव्यांतहि हाच आवाज आहे. होमराच्या इलियडच्या आरंभीं रागावलेला अपोलो देव डोंगरावरून उतरूं लागतो, तेव्हां त्याच्या खांद्यावरचे बाण खणखणतात. वैदिक ऋषि आणि ग्रीक कवि यांची गांठ कधीं पडली नाहीं. पण भात्याचा आवाज दोघांनींहि ऐकला आणि दोघांनींहि तो गौरवाचा मानिला. त्याचें कारण उघड आहे. रणांगणावर दोन सैन्यें समोरासमोर आलीं म्हणजे लपविण्यासारखें कांहीं उरत नाहीं. शंख, नगारे, घोड्यांचें खिंकाळणें यांत भात्याचा आवाज मिळाला तर शत्रूच्या मनांत थोडी अधिक धास्ती भरेल, एवढेंच.

शिकाऱ्याची गोष्ट अगदीं उलटी आहे. हरणाचे कान दोन्ही बाजूंना फिरतात. ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो. साध्या बांबूच्या धनुष्यावरून सुटलेला बाण त्याच्या पावपट वेगानेंहि जात नाहीं. म्हणजे धनुर्धराच्या अंगावरचा कोणताहि आवाज बाणाच्या कितीतरी आधीं जनावरापर्यंत पोंचतो. बाण सुटण्यापूर्वींच भाता बोलला, तर बाण काढण्याची गरजच उरत नाहीं. रात्रीच्या छाप्यासाठीं निघालेल्या शिपायाचीहि तीच स्थिति. म्हणून राजाच्या भाटाला जो भाता बोलका पाहिजे होता, तोच शिकाऱ्याला आणि छापा घालणाऱ्याला मुका पाहिजे होता.

आतां हा आवाज येतो कोठून तें पाहूं. त्याचीं उगमस्थानें मुख्यतः तीन आहेत. पहिली करकर कातड्याची. शरीर वांकलें, हात हलला कीं कोरडें कातडें आणि त्याच्या वाद्या कुरकुरतात. दुसरी खडखड बाणांची. एका बाणाची काडी दुसरीवर आपटते. तिसरी टकटक बाणांच्या टोंकांची. पाऊल पडतांच तीं भात्याच्या तळावर उसळतात. या तिन्ही व्याधींवर औषध एकच नाहीं. करकरीला तेल पाहिजे, खडखडीला मऊपणा पाहिजे, आणि टकटकीला गादी पाहिजे.

करकर कां होते हें समजण्यासाठीं कातडें म्हणजे काय, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. जनावराचें कातडें हें अतिसूक्ष्म तंतूंचें दाट विणलेलें जाळें आहे. कच्चें कातडें वाळलें कीं हे तंतु एकमेकांना चिकटतात आणि तें लाकडासारखें ताठ होतें. भिजलें कीं कुजूं लागतें. म्हणून तें कमवावें लागतें. आपल्याकडील जुन्या रीतींत कातडें प्रथम चुन्याच्या पाण्यांत ठेवीत. त्यानें केस सुटतात आणि तंतूंची वीण उकलते. नंतर चुना धुवून काढून बाभळीची साल आणि हिरडा यांच्या काढ्यांत तें मुरवीत. महाराष्ट्रांतील ढोर समाजाच्या कारागिरांची एक खास रीत होती. कातडें शिवून त्याचीच पिशवी करावयाची, ती टांगावयाची, आंत साल आणि काढा भरावयाचा, आणि खालीं पाझरून आलेलें पाणी पुन्हां आंत ओतावयाचें. अशा रीतीनें सालींतील तुरट द्रव्य तंतूंना घट्ट धरतें आणि कातड्याचें कमावलेलें चामडें होतें. तें आतां कुजत नाहीं. पण चुन्यांत आणि धुण्यांत त्याची मूळची स्निग्धता निघून गेलेली असते. म्हणून तें वाळल्यावर कडक राहतें आणि वांकवितांना बोलतें.

तेल जें करितें तें येथें. तेलानें तंतु नरम होतात अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तंतु तसेच राहतात, पण प्रत्येकाभोंवतीं तेलाचा पातळ पापुद्रा बसतो आणि ते एकमेकांवरून निमूटपणें घसरूं लागतात. बैलगाडीच्या आंसाला वंगण घालण्यांत आणि भात्याला तेल लावण्यांत तत्त्वतः कांहींच भेद नाहीं. दोन्ही ठिकाणीं घर्षण कमी होतें आणि घर्षणाबरोबर आवाज जातो.

परंतु कोणतेंहि तेल कोठेंहि चालत नाहीं. एरंडेल हवेंत वाळत नाहीं. तें चामड्यांत दीर्घकाळ ओलसर राहतें, म्हणून मऊपणासाठीं तें उत्तम. करडईचें तेल हवा लागली कीं हळूं हळूं आळतें. तापविलें तर चिकट, डिंकासारखें होतें. म्हणून तें पाणी अडविण्यास चांगलें, पण त्याचा जाड थर दिला तर पुढें चामडें ताठ होण्याची भीति. मोटेला तें मानवे, कारण मोटेचें वैर पाण्याशीं; भात्याला त्याचा हलका हात पुरे. चरबीनें चामडें भरदार होतें, पण उन्हाळ्यांत ती पाझरते. आणि परभणीकडचा उन्हाळा ४४-४५ अंशांपर्यंत जाणारा. मेण पावसाला अडवितें, पण मऊपणा देत नाहीं. लिंबोळीच्या तेलाला वास उग्र असला तरी किडीला तें दूर ठेवितें. पाश्चात्य देशांत गाईबैलांच्या पायांच्या हाडांतून काढलेलें तेल या कामीं नांवाजलेलें आहे.

तेल लावण्याची रीतहि तेलाइतकीच महत्त्वाची. अगदीं कोरड्या चामड्यावर तेल ओतलें तर तें एके ठिकाणीं पितें आणि दुसरीकडे उपाशी राहतें. म्हणून आधीं चामडें ओल्या फडक्यानें किंचित् दमट करावें, भिजवूं नये. मग कोमट तेल थोडथोडें, विशेषतः आंतल्या, म्हणजे मांसाकडच्या बाजूनें चोळावें. पाणी जसजसें उडून जातें, तसतसें तेल त्याची जागा घेतें. त्यानंतर चामडें एखाद्या गोल लांकडाच्या कडेवरून पुढें मागें ओढावें, हातांनीं रगडावें आणि सावलींत वाळूं द्यावें. एका दिवसांत सारें उरकण्याची घाई करूं नये. पातळ हात दोनतीनदां द्यावा. उन्हांत किंवा चुलीजवळ वाळविलेलें चामडें पुन्हां सुधारत नाहीं. ज्यांच्या घरीं तबला आहे त्यांना एक तुलना लगेच पटेल. तबल्याचें कातडें नाद निघावा म्हणून ताणावयाचें. भात्याचें चामडें नाद मरावा म्हणून सैल करावयाचें. वस्तु एकच, हेतु फिरला कीं तिचा सारा संस्कार फिरतो.

मऊपणालाहि मर्यादा आहे. तेल अति झालें तर चामडें लोंबूं लागतें, टांके सैल होतात, आणि सर्वांत मोठा अनर्थ म्हणजे तें तेल बाणांच्या पिसांना लागतें. पिसें चिकटलीं कीं बाण सरळ जात नाहीं. शिवाय तळ अति मऊ असेल तर लोखंडी टोंकें तो भेदून बाहेर येतात आणि धनुर्धराचीच पाठ धोक्यांत येते. म्हणून चांगल्या भात्याचा तळ ताठ असावा, कच्च्या जाड कातड्याचा असला तरी चालेल. आणि पोट व तोंड मऊ असावें. तळाशीं लोकर, सांवरीचा कापूस अथवा मऊ वाळलेलें गवत यांची गादी घातली कीं टकटक थांबते. आंतून केसाळ कातड्याचें अस्तर दिलें तर काड्याहि एकमेकींवर आपटत नाहींत.

पाठीवरचा भाता मऊ असण्याचें आणखी एक कारण आहे. भाता भरलेला असतांना बाण एकमेकांना दाटून बसलेले असतात. ते फारसे हलत नाहींत. बाण कमी होऊं लागले कीं उरलेल्यांना मोकळीक मिळते आणि खडखड सुरू होते. ताठ भाता रिकामा झाला तरी तेवढाच रुंद राहतो. मऊ भाता मात्र बाण कमी होतील तसा आंत दबतो आणि उरलेल्यांना कवेंत धरतो. वैदिक ऋषीनें भात्याला अनेक लेकरांचा बाप म्हटलें तें या दृष्टीनें फार सार्थ वाटतें. लेकरें थोडीं उरलीं कीं बापानें त्यांना अधिक जवळ ओढावें, हेंच खरें.

हा प्रश्न एका देशाचा नव्हता. इटलीच्या सरहद्दीवरील आल्प्स पर्वतांत १९९१ सालीं बर्फांत सुमारें ५,३०० वर्षांपूर्वींच्या एका मनुष्याचें शव सांपडलें. त्याच्याजवळ हरणाच्या कातड्याचा भाता होता. त्याला ताठपणा यावा म्हणून कडेनें हेझल झाडाची काठी जोडलेली होती, आणि आंत १४ बाण होते, त्यांपैकीं दोनच पुरे झालेले. मऊ कातडें आणि ताठ कणा यांचा मेळ त्या काळच्या मनुष्यालाहि साधला होता. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचें 'मेरी रोज' हें लढाऊ जहाज १५४५ सालीं बुडालें आणि १९८२ सालीं वर काढण्यांत आलें. त्यांत चामड्याच्या वाटोळ्या चकत्या मिळाल्या; प्रत्येकींत २४ भोकें, आणि एकेका भोकांत एकेक बाण. पिसें चुरगळूं नयेत आणि बाण बाणाला लागूं नये, म्हणून केलेली ही युक्ति.

आपल्याकडील शास्त्रकारांची नजरहि या बाबतींत तीक्ष्ण होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत धनुष्यें कोणत्या लांकडाचीं, प्रत्यंचा कोणत्या वनस्पतींच्या वा स्नायूंच्या, बाण कशाचे, यांची यादी आहे. त्याबरोबरच आयुधागाराच्या अध्यक्षानें शस्त्रांची जागा वारंवार बदलावी, त्यांना ऊन आणि वारा द्यावा, उष्णता, ओल व कीड यांनीं बिघडूं लागलेलीं शस्त्रें वेगळीं ठेवावीं, असा दंडक आहे. आणि चामड्याची पारख सांगतांना त्यानें मऊ, स्निग्ध व दाट केसांचें चामडें श्रेष्ठ ठरविलें आहे. मुक्या भात्याला हेंच तीन गुण पाहिजेत, हें वर आलेंच आहे.

महाभारतांतील विराटपर्वाची कथा सर्वांना ठाऊक आहे. अज्ञातवासाला जातांना पांडवांनीं आपलीं शस्त्रें शमीच्या झाडावर बांधून ठेविलीं, आणि कोणी जवळ येऊं नये म्हणून तेथें एक प्रेतहि बांधलें. पुढें तीं शस्त्रें खालीं काढतांना राजपुत्र उत्तर एकेका वस्तूविषयीं विचारूं लागतो. त्यांत तरवारींचीं म्यानें गाईच्या कातड्याचीं, वाघाच्या कातड्याचीं असा तपशील येतो. म्हणजे कवीचें लक्ष धातूइतकेंच चामड्याकडेहि होतें. दसऱ्याच्या दिवशीं शमीची पूजा करितांना अर्जुनाचें गांडीव आठवतें. त्या कातड्यांना वर्षभराच्या उन्हापावसांतून वांचविणारी कारागिरी कोणाची, हें मात्र मनांत येत नाहीं.

भात्याची जागा ही युद्धाच्या रीतीप्रमाणें बदलली. ग्रीक लेखक एरियन यानें वर्णिलेल्या भारतीय पायदळाचें धनुष्य माणसाएवढें उंच असे. त्याचें एक टोंक जमिनीवर टेकवून डाव्या पायानें दाबून तें ओढीत, आणि बाण तीन हातांना थोडाच कमी. एवढे लांब बाण बाळगणाऱ्याला पिशवीहि तशीच पाहिजे. पुढें दक्षिणेंत घोडेस्वारांचें महत्त्व वाढलें, तेव्हां तरकस पाठीवरून कमरेला आला. कारण धांवत्या घोड्यावर पाठीकडे हात नेण्यापेक्षां मांडीजवळून बाण काढणें सोयीचें. पाठीवरचा भाता पायीं चालणाऱ्याचा राहिला. मराठेशाहीच्या पायदळांत बंदुकीच्या जोडीनें तिरंदाजहि होते. तोड्याच्या बंदुकीची वात पावसांत विझते, तिचा उजेड रात्रीं दिसतो. धनुष्याला यांपैकीं कांहीं नडत नाहीं.

डोंगरांतील लोकांनीं तें सर्वांत अधिक काळ टिकविलें. भिल्ल हें नांवच द्राविडी भाषांतील धनुष्यवाचक शब्दापासून आलें, असें अनेक पंडित मानतात. खानदेशांत इंग्रजी अंमल १८१८ सालीं बसल्यावर १८२५ सालीं औट्राम यानें भिल्लांची पलटण उभारली. तिच्या हातांत मात्र बंदूक आली. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यांत शस्त्रांच्या व्याख्येंत धनुष्यबाणांचाहि उल्लेख होता. येलदरीचा मुलूख तेव्हां निझामाच्या राज्यांत होता. तो १९४८ सालीं मुक्त झाला, १९५६ सालीं मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. पुढें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचा मार्गच बंद झाला, आणि तें योग्यच झालें. हरणाच्या कानापासून लपण्याची विद्या आतां हरणें पाहण्यासाठीं वापरावी. त्यासाठीं भात्याची गरज नाहीं.

मग या विद्येचें आज काय? या प्रश्नाचें उत्तर देतांना भाता ज्याच्या हातून झाला त्याची आठवण टाळतां येत नाहीं. गांवगाड्यांत ढोर कातडें कमावी, चांभार आरी आणि रांपी घेऊन शिवी, मांग नाडा वळी. मोट, पखाल, लोहाराचा भाता, बैलाची वादी, सारें या हातांतून येई. बाराव्या शतकांत बसवेश्वरांच्या कल्याणांत कक्कय्या हे ढोर जातीचे शरण मोठ्या मानाला चढले. त्यांचें नांव आजहि त्या समाजांत आदरानें घेतलें जातें. पण सर्वसाधारणपणें रीत अशी कीं, कातडें वीराच्या पाठीवर चढलें कीं पवित्र, आणि तें कमावणारा माणूस गांवकुसाबाहेर. ज्या चामड्यावर विश्वास ठेवून राजाचा शिपाई रात्रीं गड चढे, तें चामडें करणाऱ्याच्या हातचें पाणी त्याला चालत नसे. हा विसंगतपणा हजारों वर्षें कोणाला खुपला नाहीं, हें आपल्या इतिहासाचें मोठें व्यंग होय. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता कायद्यानें संपविली. व्यवहारांतून ती उखडण्याचें काम घरोघर अजून करावयाचें आहे.

त्या समाजांतील तरुण मुलें हा धंदा सोडून शाळेंत, कचेरींत, कारखान्यांत गेलीं, याबद्दल कोणींहि हळहळूं नये. चुन्याच्या कुंडांत उभें राहून ज्यांचे हातपाय फुटले, त्यांच्या नातवंडांनीं तेंच करावें असें म्हणण्याचा अधिकार खुर्चींत बसलेल्यांना नाहीं. इंजिनें आणि विजेचे पंप आले, कालव्यांचें पाणी आलें, कातडी मोट गेली. बैलांचे आणि माणसांचे कष्ट वांचले. पण माणूस जाचांतून सुटावा आणि त्याची विद्या मात्र हरवावी, हेंहि बरोबर नाहीं. बाभळीची साल किती दिवस मुरवावी, एरंडेल कोठें आणि करडई कोठें, कातडें कधीं बोलतें आणि कां बोलतें, हें ज्ञान ग्रंथांत आलें नाहीं. कारण ज्यांना तें होतें त्यांच्या हातीं लेखणी दिलीच नव्हती, आणि ज्यांच्या हातीं लेखणी होती त्यांनीं तें विचारलें नाहीं. ज्या गांवांतून असे वृद्ध कारागीर अजून आहेत, तेथील शिकलेल्या मुलांनीं त्यांच्याजवळ बसून हें लिहून घ्यावें. लिहितांना खालीं कारागिराचें नांव घालावें, आणि त्याला त्याच्या कामाचें मोल द्यावें.

धनुर्विद्या तर महाराष्ट्रांत पुन्हां उमलली आहे. २०२३ च्या ऑगस्टांत बर्लिन येथें झालेल्या जागतिक स्पर्धेंत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनीं कंपाउंड धनुष्याच्या प्रकारांत वैयक्तिक सुवर्णपदकें मिळविलीं. अदितीचें वय तेव्हां अवघें सतरा वर्षांचें होतें. आजच्या खेळाडूंचा भाता कमरेला असतो. त्यांत बाणांसाठीं वेगवेगळ्या नळ्या असतात, म्हणून बाणाला बाण लागत नाहीं. मेरी रोजवरच्या भोकांच्या चकतीचीच ही नवी आवृत्ति. कांहीं हौशी मंडळी मात्र जुन्या बनावटीचें धनुष्य आणि पाठीवरचा चामडी भाता घेऊन मैदानावर येतात. त्यांना ही जुनी विद्या आजहि उपयोगी पडेल.

येलदरीच्या धरणामागें आतां पाणी शांत उभें असतें. त्या खोऱ्यांतील मोटांचा आवाज थांबला, तसा त्या शिवणाऱ्यांचा उल्लेखहि थांबला. भाता मुका असावा, हें शिकाऱ्याचें म्हणणें रास्त आहे. परंतु तो करणारा मात्र मुका राहूं नये.